साताऱ्याच्या पावसाळ्यासाठी वॉशिंग मशीन आणि ड्रायर निवडताना

साताऱ्यात जूनचा दुसरा आठवडा उलटला की गच्चीवरच्या दोऱ्या घरात येतात आणि सप्टेंबर संपेपर्यंत बैठकीत, जिन्यात, जागा मिळेल तिथे ताणलेल्या राहतात. आमच्या जिल्ह्याची गंमत अशी, की माण तालुक्यात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि महाबळेश्वरला ५,००० मिलिमीटरच्याही वर. सातारा शहर या दोन टोकांच्या मध्ये असले, तरी यवतेश्वराच्या अंगाने एकदा झड लागली की आठवडा-आठवडा उघडीप मिळत नाही, सुती कपडे तिसऱ्या दिवशीही गार लागतात आणि त्यांना कुबट वास येऊ लागतो. म्हणून माणमधल्या दहिवडीच्या माणसाला वॉशिंग मशीन घेताना जो प्रश्न सुचणारही नाही, तोच साताऱ्यातल्या माणसाने दुकानात सर्वांत आधी विचारावा, असे माझे मत आहे: हे मशीन कपडे किती कोरडे करून देते?

आमचे जुने सेमी-ऑटोमॅटिक मशीन बदलायचे ठरले, त्याच सुमारास घरात बाळ येणार होते. त्यामुळे वेगळा ड्रायर घ्यावा का, हाही विषय ओघाने निघाला. त्या वेळी दुकानांतून, ओळखीच्या मेकॅनिककडून आणि नातेवाइकांच्या अनुभवांतून जे हाती आले, त्यातले उपयोगाचे तेवढे येथे मांडते.

कपडे वाळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ते जोरात पिळून घेणे. कोरडे असताना चार किलो भरणारे सुती कपडे फ्रंट लोड मशीनमध्ये मिनिटाला १४०० फेऱ्यांवर पिळले, तर त्यांत साधारण दोन किलो पाणी शिल्लक राहते. तेच ७००-८०० फेऱ्यांवर पिळले, तर पावणेतीन-तीन किलोपर्यंत राहते. हे उरलेले पाणी उष्णता देऊन उडवायचे म्हटले, तर एका किलोमागे निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशोबानेच सुमारे ०.६३ युनिट ऊर्जा लागते आणि साध्या हीटरच्या ड्रायरमध्ये हवा, ड्रम व कपडे तापवण्यात आणखी वीज जाते ती वेगळीच. म्हणजे पिळण्यात कसर राहिलेल्या त्या एका किलो पाण्यासाठी प्रत्येक धुण्यामागे पाऊण-एक युनिट जादा मोजावे लागते, किंवा ड्रायर नसेल तर दोरीवर जास्तीचा एक दिवस. फेऱ्यांचा आकडा मशीनच्या दर्शनी भागावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक टॉप लोड मशीनमध्ये तो ७०० च्या आसपास आणि फ्रंट लोडमध्ये १००० ते १४०० असतो. सेमी-ऑटोमॅटिकच्या पिळणीवर १३०० किंवा त्याहूनही मोठा आकडा दिसतो, पण तिचे टोपले व्यासाने लहान असल्यामुळे तितक्याच फेऱ्यांत कपड्यांवर जोर कमी बसतो. तरीही स्वस्त टॉप लोडपेक्षा ती पिळणी बरी, ही जुन्या गृहिणींची तक्रार अगदी खरी आहे. टॉप लोडवर 'एअर ड्राय' नावाचे जे बटन असते, ते ड्रम फिरवता फिरवता थोडी हवा आत घेण्यापलीकडे काही करत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

या हिशोबाने साताऱ्यासाठी १४०० फेऱ्यांचे फ्रंट लोड मशीन उजवे ठरते. पाणी कमी लागते, आत हीटर असल्याने बाळाची दुपटी गरम पाण्यात धुता येतात, आणि कपड्यांची झीजही कमी होते. मात्र वेळ जास्त लागतो, वाकावे लागते, आणि मशीन सुरू झाल्यावर मध्येच राहिलेला रुमाल टाकता येत नाही, हा सासूबाईंचा आक्षेप मला आजही पूर्णपणे खोडून काढता आलेला नाही.

फ्रंट लोड घेण्यापूर्वी घरातली टाकी मात्र पाहावी. टाकीपासून नळापर्यंतच्या दर एक मीटर उंचीमागे पाण्याचा दाब साधारण ०.१ बार असतो आणि बऱ्याच मशीनना निदान ०.३ बार लागतो. म्हणजे टाकीचा तळ नळाच्या तीन मीटर तरी वर हवा. इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर, जिथे टाकी थेट स्लॅबवर टेकलेली असते, तिथे हा हिशोब हमखास चुकतो, पाणी येईना म्हणून मशीन मध्येच थांबते आणि दोष मशीनला दिला जातो. अशा घरात प्रेशर पंपाचा खर्च मशीनच्या किमतीतच धरावा.

पाण्याच्या जातीबद्दल साताऱ्याच्या जुन्या पेठांतल्या माणसाला फारशी चिंता नसते, कारण कासच्या तलावाचे पाणी पावसाचे आणि मऊ आहे. बोअरवर अवलंबून असलेल्या नव्या वसाहतींची गोष्ट वेगळी. माझी नणंद सांगलीत विश्रामबागेला राहते. तिच्याकडे बोअरच्या पाण्याने नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, आणि तीच खपली मशीनच्या हीटरवरही बसते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने कठीणपणाची, म्हणजे खपली धरणाऱ्या क्षारांची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम ठेवली आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट दिली आहे. आपले पाणी त्या वरच्या टोकाकडे असेल, तर दर एक-दोन महिन्यांनी खपली काढणारी डीस्केलिंग पावडर टाकून रिकामे मशीन चालवणे भागच आहे. सांगलीकरांना आणखी एक पथ्य पाळावे लागते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर नदीकाठच्या भागात तळमजल्याच्या मोरीशेजारी मशीन ठेवण्याचा धीर होत नाही, तेव्हा ते वरच्या मजल्यावर न्यायचे, तर नळाची आणि सांडपाण्याची सोय आधी करून घ्यावी लागते.

क्षमतेबाबत दुकानदार नेहमी वरचे मॉडेल सुचवतात. चार माणसांच्या घराला सात-आठ किलो पुरते. सोलापुरी चादरी वरचेवर धुवायच्या असतील, तर नऊ घ्यावे. वाकळ कोणत्याही घरगुती मशीनमध्ये घालू नये. ती भिजल्यावर इतकी जड होते, की बेअरिंगच जायचे. वाय-फाय, वाफेचे प्रोग्रॅम, पंधरा-वीस प्रकारच्या धुलाया यांवर मी शब्द खर्च करणार नाही. बहुतेक घरांत त्यांतले दोनच वापरले जातात.

आता विश्वासार्हतेचा मुद्दा, ज्यावर दुकानात सर्वांत जास्त बोलले जाते आणि सर्वांत कमी सांगितले जाते. मशीनवर ठळक अक्षरांत '१० वर्षांची वॉरंटी' असे चिकटवलेले असते. ती बहुधा फक्त मोटरची असते आणि इन्व्हर्टर मोटर सहसा बिघडतही नाही. बिघडतो तो इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गाळाने तुंबणारा पाण्याचा व्हॉल्व्ह, नाणे किंवा केसांची पिन अडकून बंद पडणारा निचऱ्याचा पंप, बुरशी धरलेले दाराचे रबर आणि काही वर्षांनी ड्रमचे बेअरिंग. या सगळ्यांना संपूर्ण मशीनची वॉरंटी लागू पडते आणि ती कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून 'सगळ्या मशीनची किती वर्षे?' असा थेट प्रश्न करून उत्तर लेखी घ्यावे. काही फ्रंट लोड मशीनमध्ये बाहेरचा टब कायमचा जोडून बंद केलेला असतो. अशा मशीनचे बेअरिंग गेले, तर आख्खा टब बदलावा लागतो. स्क्रूने उघडणारा टब असल्यास तेच काम निम्म्याहून कमी खर्चात होऊ शकते. हा प्रश्न विचारल्यावर विक्रेता गोंधळला, तर त्याला दोष देऊ नये. तो कुणी विचारतच नाही.

आमच्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत, जे सगळ्याच कंपन्यांची मशीन उघडतात. त्यांना मी कंपनीचे नाव सुचवा म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, मशीन कुठलंबी घ्या, पण त्याचा बोर्ड साताऱ्यात मिळतोय का पुण्यास्नं मागवाय लागतोय, तेवढं इचारून घ्या." हा सल्ला मला सगळ्या जाहिरातींपेक्षा मोलाचा वाटला. आमच्या शेजाऱ्यांचे मशीन ऐन श्रावणात बोर्डासाठी कित्येक दिवस झाकून पडले होते, आणि कंपनी काही लहान नव्हती. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून आपला पिनकोड सांगावा, साताऱ्यात त्यांचे स्वतःचे सेवा केंद्र आहे की काम दुसऱ्या कुणाला दिले आहे, हे विचारावे, आणि एकदा त्या केंद्रात प्रत्यक्ष डोकावून यावे. जिथे दोन-तीन उघडी मशीन दुरुस्तीला लागलेली आणि फळीवर सुटे भाग मांडलेले दिसतात, तिथला कारभार चालू आहे असे समजायला हरकत नाही. जुन्या घरांत राहणाऱ्यांनी मशीनच्या तळाला उंदरांपासून बचावाची जाळी आहे का, हेही पाहावे. वायरी कुरतडल्या गेल्या, तर ती दुरुस्ती सहसा वॉरंटीत बसत नाही.

ड्रायरकडे वळते. आपल्याकडे आयएफबी, बॉश, एलजी अशा मोजक्याच कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायर मिळतात आणि दुकानात ते मांडलेले क्वचितच दिसतात, मागवावे लागतात. त्यांत तीन जाती आहेत. पहिल्या जातीत दमट गरम हवा जाड नळीने बाहेर सोडली जाते. ही नळी खिडकीबाहेर काढता येत नसेल, तर तो ड्रायर घेऊ नये, कारण मग तीच वाफ भिंतींवर बसून बुरशी धरते. दुसऱ्या जातीत वाफेचे पाणी करून टाकीत साठवले जाते. तिसरी हीट पंपाची, म्हणजे तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरणारी. ती किमतीला सर्वांत महाग, पण विजेला पहिल्या दोन्हींच्या साधारण निम्मी, आणि कमी तापमानावर वाळवत असल्याने कपड्यांनाही सौम्य. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत जातात, त्यामुळे ज्यांचे बिल आधीच ३०० च्या काठावर आहे, त्यांना ड्रायरचे प्रत्येक युनिट वरच्या दराने पडेल. हीटरच्या ड्रायरला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि नीट अर्थिंग लागते, हे तर ओघाने आलेच.

धुणे आणि वाळवणे एकाच यंत्रात करणारी मशीन जागेच्या दृष्टीने मोहात पाडतात. त्यांत आठ किलो कपडे धुता येतात, पण वाळतात पाचच्या आसपास. उरलेले बाहेर काढावे लागतात, सगळा कार्यक्रम पाच-सहा तास चालतो, आणि कित्येक मॉडेल वाफ थंड करण्यासाठी वाळवतानाही नळाचे पाणी वापरतात. एक भाग बिघडला की दोन्ही कामे बंद पडतात, ते वेगळेच. लहान फ्लॅटमध्ये दुसरा इलाज नसेल तरच हा पर्याय घ्यावा.

ज्या घरात तान्हे बाळ, अंथरुणाला खिळलेले माणूस किंवा रोज धुवावा लागणारा गणवेश आहे, तिथे स्वतंत्र ड्रायर घेण्यात अर्थ आहे. इतरांनी खोलीतला दमटपणा शोषणाऱ्या डीह्युमिडिफायरचा विचार करावा. दोन-तीनशे वॉटचे ते यंत्र बंद खोलीत पंख्यासह रात्रभर लावले, तर चांगले पिळलेले कपडे सकाळपर्यंत बहुतेक वाळतात, आणि भिंतीही कोरड्या राहतात. आम्ही शेवटी ड्रायरच घेतला, हीट पंपाचा, कारण आमच्या लहानपणी दुपटी वाळवण्यासाठी शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालत, तो उद्योग आता कुणाला जमणार नाही. एक सूचना मात्र ठळकपणे नोंदवते. बाळाच्या मालिशचे तेल मुरलेली दुपटी नीट धुतल्याखेरीज ड्रायरमध्ये टाकू नयेत. खाद्यतेलाचा अंश राहिलेले कापड गरम अवस्थेत गठ्ठ्याने पडून राहिले, तर आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकते. कपड्यांचे सुटलेले तंतू अडवणारी ड्रायरची जाळीही प्रत्येक वेळी साफ करावी.

खरेदी कुठे करावी, याचे माझे उत्तर सरळ आहे: पुण्याच्या मोठ्या दालनांत पाहावे आणि साताऱ्यात घ्यावे. पुण्याला एकाच छताखाली सगळी मॉडेल उघडून पाहता येतात, तिथला आणि ऑनलाइनचा भाव टिपून घेता येतो. तो आकडा पोवई नाक्याच्या किंवा राजपथाच्या दुकानदारासमोर ठेवला, की "ताई, एवढं जमणार नाही, पण स्टँड आणि फिटिंग माझ्याकडून" इथपर्यंत गाडी येते. हजार-दीड हजाराच्या फरकाने खंबाटकी ओलांडून मशीन आणण्यात राम नाही, कारण तक्रार निघाल्यावर कंपनीला फोन लावणारा गावातला माणूस त्या फरकापेक्षा जास्त कामाला येतो. ऑनलाइन घ्यायचेच असेल, तर खोके उघडतानाचे चित्रीकरण करावे. दाद मागण्याची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेच तक्रार करता येते. 'जीएसटी कमी झाला, म्हणून मशीन स्वस्त' या बोलण्याला भुलू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये एसी आणि डिशवॉशर २८ वरून १८ टक्क्यांवर आले, वॉशिंग मशीनवर मात्र जुलै २०१८ पासूनच १८ टक्के कर आहे.

बिलावर मॉडेलसह अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि जोडणी कंपनीच्याच माणसाकडून करून घ्यावी. तो आला की वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून फ्रंट लोडच्या पाठीमागे लावलेले ट्रान्झिट बोल्ट त्याने काढले आहेत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, कारण ते तसेच राहिले, तर पहिल्याच पिळणीला मशीन घरभर नाचते. काढलेले बोल्ट बिलाच्या पाकिटातच ठेवावेत. घर बदलताना ते लागतात, आणि नेमके तेव्हाच सापडत नाहीत.