पाट्याला टाकी

रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी मी आमच्या लिहिणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लेख टाकला. सातशे शब्दांचा, आजीच्या पाट्यावर. अकरा अकराला पहिला अभिप्राय : ‘छान!’

एका मिनिटात सातशे शब्द. बँकेत असताना आमचं नोटा मोजायचं मशीन साधारण याच वेगाने चालायचं. तरी खोटं कशाला बोलू, बरं वाटलंच. फोन पालथा ठेवला, दिवा घालवला आणि अंधारात फोन परत सरळ केला.

लिहिलेलं कुणाला तरी दाखवायची ही खाज जुनीच. कॉलेजात असताना मी एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती. फुलस्केप कागद, एकाच बाजूला लिहिलेले, डावीकडे समास सोडून, आणि सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट. म्हणजे आपल्या नकाराचं टपाल आपणच भरायचं. अडीच महिन्यांनी ते दारात पडलं. त्याची जाडी बघूनच बाबांनी काही न विचारता पेपरात तोंड खुपसलं. आत ‘साभार परत’ची छापील चिठ्ठी. पण तिसऱ्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. तो मी कितीतरी दिवस जपला. कुणीतरी माझ्या कथेत तिसऱ्या पानापर्यंत आलं होतं आणि तिथे टेकून चहा प्यायलं होतं. (बशी सापडली नसेल म्हणून कथा घेतली असेल, ही शक्यता मला पुढे नोकरी लागल्यावर सुचली.)

चहाचं आणि लिहिणाऱ्यांचं तसं जुनंच आहे. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ निघालं, ते रविवारी चहाला जमून एकमेकांना कविता ऐकवणाऱ्यांचंच. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे हे जोडपं. कविता चारचौघांत गाऊन दाखवायची पद्धत याच मंडळींनी रुजवली. आपापसांत वाहवाही झालीच असणार. चहा ज्याच्या घरचा, त्याच्या कडव्यात खोट कोण काढणार? पण दोनच वर्षांत अत्र्यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ काढली आणि या मंडळींची यथेच्छ टर उडवली. मला वाटतं, त्यांचं नशीब थोर. आमच्या ग्रुपला अत्रे नाहीत.

आमच्याकडे गुरुजी आहेत. बार्शीकडचे, निवृत्त. मजकूर कशाबद्दल आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, ते वेलांट्या वाचतात. ‘आणी नव्हे, आणि. पहिली.’ एका बाईंनी नवरा गेल्यावर दोन वर्षांनी पहिल्यांदा काही लिहिलं. सगळे गप्प झाले, कुणाला काय बोलावं सुचेना. गुरुजींनी लिहिलं, ‘दुःखातला विसर्ग राहिला आहे.’ बाईंनी मुकाट्याने विसर्ग घातला. मला राग आला होता. पण गुरुजी तो मजकूर शेवटपर्यंत वाचून गेले होते, कारण तो शब्द शेवटच्या ओळीत होता.

बाकी मंडळी डोंबिवलीपासून इंदूर, मस्कत, न्यू जर्सीपर्यंत पसरलेली. आपल्याकडे मध्यरात्र होते तेव्हा न्यू जर्सीवाल्यांची दुपार असते, त्यामुळे अभिप्राय वाचायचे तर झोपेवर पाणी सोडावं लागतं. त्या रात्रीही मी जागीच होते.

लेख तसा बरा जमला होता. पाटा वापरून वापरून गुळगुळीत होतो, मग खोबरं नुसतं घसरतं, वाटलं जात नाही. म्हणून वर्षातून एकदा दोनदा ‘टाकीऽऽ लावायची का टाकीऽऽ’ करत एक बाई यायची. अंगणात फतकल घालून बसायची आणि छिन्नी हातोडीने पाट्यावर बारीक बारीक घाव घालत जायची. ठक ठक ठक. दगडाची पांढरट भुकटी तिच्या पापण्यांवर बसायची. टाकी लावल्यावर पहिलं वाटण कचकचतं, म्हणून आजी मूठभर भिजले तांदूळ वाटून टाकून द्यायची. हे सगळं मी लिहिलं होतं. ‘आजी तिला गूळपाणी द्यायची,’ हेही.

बारा वाजून वीस मिनिटांनी एक प्रश्न आला. ग्रुपवर कधी अवाक्षर न काढणारा नंबर, फोटोच्या जागी नुसता राखाडी गोल.

‘ताई, पाणी कशातून दिलं?’

मी उठून बसले. जिन्याखालचा कोनाडा दिसायला लागला आणि त्यात पालथा घातलेला जर्मनचा पेला. काठाला पोचा आलेला. तो घरातल्या भांड्यांत कधी मिसळायचा नाही. आजी वरून पाणी ओतायची, बाई पिऊन झाल्यावर तो स्वतःच विसळायची आणि परत कोनाड्यात पालथा ठेवायची. लिहिताना मला टाकीचा आवाज आठवला, भुकटी आठवली, गुळाचा खडासुद्धा आठवला. पेला आठवला नव्हता. की आठवूनही मीच तो पालथा घातला होता, देव जाणे.

सकाळी आत्याला फोन लावला.

“आत्या, जिन्याखाली एक जर्मनचा पेला असायचा बघ.”

“कुठला गं?” मग बराच वेळ नुसता कुकरचा आवाज. “तुला बरं आठवतं. आई गेली त्याला तीस वर्षं झाली, आता कशाला उकरून काढतेस? आणि ते तुझ्या त्या फोनातल्या लोकांना कशाला? कोण कुठले ते.”

“त्यांनीच विचारलं.”

“गूळ मात्र मोठा खडा द्यायची हो आई.”

“ते लिहिलंय.”

“मग तेवढंच राहू दे की.”

दिवसभर तेवढंच राहू दिलं. संध्याकाळी पेल्याची चार वाक्यं घातली, एक काढलं, परत घातलं. त्यात आजीला वाचवायला ‘तेव्हा सगळीकडे तसंच होतं’ असं एक वाक्य आपसूक उतरलं होतं, तेही शेवटी खोडलं. अकराच्या सुमाराला लेख पुन्हा टाकला.

मिनिटाभरात : ‘छान!’ तोच माणूस. गुरुजींना पोच्यात काही सापडलं नाही.

राखाडी गोलाचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. ‘पाटा कुठल्या दगडाचा होता तेही लिहा. काळा असला तर टाकी लवकर बोथट होते, घटकेघटकेला धार लावावी लागते. पैसे मात्र तेवढेच. आमची आजी सांगायची.’

दगड काळा होता की राखी, मला काही आठवेना. आत्याला परत फोन करायला हवा.