तुम्ही विचारलंत म्हणून: तानपुरा रत्नागिरीला न्यावा का?

जानेवारी जवळ आला की सांगली-मिरजेतली गाणारी मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव भरतो. रात्री तिथं ऐकायचं आणि सकाळी खोलीवर स्वतः रियाजाला बसायचं, असा बेत असतो. मग शंका येते: घरचा मिरजेचा तानपुरा सोबत नेला तर खारी हवा त्याला बाधेल का?

जानेवारीत जरूर न्या. पावसाळ्यात मात्र अजिबात नेऊ नका. हिवाळ्यातल्या दोन दिवसांच्या दमट हवेनं चांगला तानपुरा खराब होत नाही. तो खराब होतो तो हवा बदलल्यावर आपण केलेल्या घाईनं.

मिरजेच्या तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या कोरड्या मुलखातला. तो वाळवून, घडवून वाद्य उभं राहतं तेही कोरड्या हवेतच. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सांगलीत त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. आंबा घाट उतरलात की लाकूड हवेतली ओल प्यायला लागतं. तारा ताणायच्या खुंट्या फुगून भोकात घट्ट बसतात, तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, केसभर हलते आणि जवारी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा घासलेला माथा आणि त्यावरून उठणारा झंकार, बदलते. ऐकणाऱ्याला फक्त ‘आवाज बसला’ एवढंच कळतं.

निघण्याआधी चारही तारा साधारण दोन स्वर उतरवा. पूर्ण सैल करू नका, कारण घोडी तारांच्या ताणावरच जागेवर उभी असते. ताण गेला की ती सरकते आणि तबलीवर ओरखडे उठतात. घोडीच्या पायांच्या कडेनं पेन्सिलची बारीक खूण करून ठेवा. सूर बारीक जुळवायला तारांत ओवलेले चारही मणी घोडीकडे वर घ्या. घोडी आणि तारांच्या आजूबाजूला मऊ सुती कापड सारा, मगच गवसणी (कापडी खोळ) चढवा.

सांगलीहून कोल्हापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा असा रस्ता सुमारे १८० किलोमीटरचा आहे. मिरजेहून तिकडे थेट रेल्वे नाही. गाडीत तानपुरा मागच्या सीटवर, तबली वर करून आडवा ठेवा आणि भोपळ्याखाली घडी घातलेली रजई द्या. दांडी नुसती अधांतरी राहू देऊ नका. जेवायला थांबलात तर गाडी उन्हात बंद करून जाऊ नका. आतल्या उष्णतेनं सांध्यांचा चिकटा मऊ होतो, आणि गळ्याचा सांधा उघडला की ते काम मिरजेशिवाय नीट होत नाही.

खोलीवर पोचल्यावर गवसणी लगेच काढू नका. निदान दोन तास तशीच राहू द्या. एसी लावू नका. गार झालेली तार बाहेरच्या दमट हवेत आली की तिच्यावर पाणी धरतं आणि मधल्या दोन पोलादी तारांवर, म्हणजे जोडीवर, गंज चढतो. फरशीवर नको, पलंगावर किंवा सतरंजीवर ठेवा, समुद्राकडच्या खिडकीपासून लांब.

संध्याकाळी नुसता ढोबळ सूर लावून ठेवा, खरा सूर दुसऱ्या दिवशी सकाळी. आधी जोडीच्या दोन तारा एकमेकींत मिळवा, मग खर्ज (खालचा सा), शेवटी पंचम (प). बारीक फरक मण्यांनी काढा; मणी खाली सरकवला की स्वर चढतो. खुंटी फिरेना झाली तर जोर लावू नका, दांडीला चीर जाते. ती किंचित बाहेर ओढून सैल करा आणि कोरडा साबण अगदी पुसटसा फिरवून परत बसवा.

जवारीबद्दल मात्र कळकळीनं सांगावंसं वाटतं. आवाज बंद वाटला तर घोडीच्या माथ्यावर तारेखाली असलेला दोरा मागेपुढे करून जागा शोधा. तेवढ्यानं खुलला नाही तर दोऱ्याची जाडी बदला. त्यासाठी शिवणाचा सुती दोरा एकेरी आणि दुहेरी, दोन्ही जवळ ठेवा. पण तिथं कुणाकडूनही जवारी घासून घेऊ नका. त्या दमट हवेला जुळवलेली घोडी सांगलीत परतल्यावर खरखरायला लागते, आणि घासून गेलेला माथा परत येत नाही.

रियाज झाला की तारा कोरड्या सुती फडक्यानं पुसा. खोबरेल नको. तेल जवारीवर उतरून धूळ धरतं. मांडवी किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर फोटोसाठी तानपुरा नेण्याचा मोह टाळा. वाळूचा एक कण जवारीवर गेला तरी आवाज करकरतो. महोत्सवाला जाताना तो खोलीतच असू द्या. मैदान उघडं आहे, रात्री दव पडतं. शाल तुमच्यासाठी न्या. जमल्यास मंचाजवळ बसा आणि साथीचे तानपुरे गाण्याच्या मध्येच पुन्हा कसे मिळवले जातात तिकडे कान द्या. उघड्या हवेत सूर किती हलतो हे तिथं नीट कळतं.

परतीचीच खरी काळजी. सांगलीच्या कोरड्या हवेत फुगलेल्या खुंट्या आकसतात आणि तारा आपोआप उतरतात. त्या वेळी खुंटी ठोकून आत बसवली तर भोक मोठं होतं. पहिली रात्र तानपुरा गवसणीतच, उतरवलेल्या तारांवर राहू द्या. दुसऱ्या दिवशी घसरणाऱ्या खुंटीला खडू लावा आणि अर्धा-अर्धा स्वर चढवत न्या. तिसऱ्या दिवशीही झणझण ऐकू आली तर तबलीच्या कडेनं बोटाच्या पेरानं हलकं ठोकत फिरा. जिथं आवाज पोकळ किंवा फुटका येईल तिथं सांधा सुटलाय. त्यात झटपट चिकटणारा डिंक ओतू नका, कारागिराला तो आधी खरवडून काढावा लागतो. तानपुरा तसाच उचला आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीत न्या.