व्ही 1 मधला उंच आर

ईसीजीच्या (हृदयाच्या विद्युत आलेखाच्या) पट्टीवर मशीनने उजवी जवनिका, म्हणजे हृदयाचा खालचा उजवा कप्पा, मोठी असल्याचं छापलं, की थेट व्ही 1 कडे, म्हणजे छातीवरच्या पहिल्या इलेक्ट्रोडच्या आलेखाकडे, धावू नका. आधी लीड 1 बघा, म्हणजे दोन्ही हातांच्या इलेक्ट्रोडमधला आलेख. तिथे पी लाटेसकट (ही वरच्या कप्प्यांची, म्हणजे कर्णिकांची लाट) सगळंच उलटं आणि उजव्या हाताच्या एव्हीआर लीडमध्ये सुलटं असेल, तर बहुधा दोन्ही हातांच्या वायरी बदलल्यात. ईसीजी पुन्हा काढा. (हृदय उजवीकडे असलेल्या माणसातही असंच दिसतं, पण त्यात छातीच्या डाव्या कडेच्या व्ही 6 कडे जाताना आर, म्हणजे वर जाणारं टोक, लहान होत जातो.)

पी सुलटी, पण क्यूआरएस (जवनिकांची लाट: आरच्या आधी खाली जाणारा क्यू, नंतर खाली जाणारा एस) लीड 1 मध्ये खाली आणि पायाच्या एव्हीएफ लीडमध्ये वर असेल, तर अक्ष, म्हणजे हृदयातल्या विद्युतप्रवाहाची एकूण दिशा, खरोखर उजवीकडे आहे. 110 अंशांच्या पुढे गेला तर उजवी जवनिका मोठी असल्याचा वजनदार पुरावा. आता व्ही 1: आर 7 मिमी किंवा जास्त आणि एसपेक्षा उंच. त्यात व्ही 5 किंवा व्ही 6 चा एस मिळवून 10.5 मिमी भरले, तर सोकोलो-लायनचा 1949 चा निकष पुरा होतो. हे आकडे 1 मिलिव्होल्टला 10 मिमी धरून आहेत. पट्टी अर्ध्या मापावर काढली असेल तर फसाल. क्यूआरएस 120 मिलिसेकंदांच्या आत हवा, नाहीतर उंच आर उजव्या बंडल ब्लॉकचा (उजव्या जवनिकेकडे जाणारा विद्युतमार्ग अडल्याचा) असू शकतो. तान्ह्या बाळात मात्र उंच आर स्वाभाविकच असतो.

उजवी कर्णिका लीड 2 मध्ये ओळखावी: पी टोकदार, 2.5 मिमीहून उंच. उजव्या अक्षासोबत पी रुंद आणि दुभंगलेली दिसली, तर मायट्रल (डाव्या कर्णिका-जवनिकेमधली) झडप अरुंद झाली आहे का ते तपासा. संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपा आपल्याकडे अजून आहेत.

सर्वात जास्त चुका इलेक्ट्रोड लावताना होतात. छातीच्या मधल्या हाडावर वरच्या भागात आडवा उंचवटा लागतो, त्याच्या शेजारी दुसरी फासळी. तिच्याखालची फट दुसरी. तिथून चौथ्या फटीपर्यंत मोजत या आणि हाडाच्या उजव्या कडेला व्ही 1 लावा. घाईत तो दुसऱ्या फटीत लागतो. मग व्ही 2 मध्येही पी उलटी येते आणि व्ही 1 मध्ये नसलेला दुसरा आर उगवतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. डावी जवनिका मुळातच कितीतरी जाड, म्हणून उजवीची थोडी वाढ तिच्या विद्युतशक्तीत झाकली जाते. तुर्भ्याच्या दगडखाणीत धूळ खाल्लेल्या किंवा वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या माणसाची फुप्फुसं फुगलेली असतील, तर व्ही 1 मध्ये आर उंच दिसतच नाही. लीड 1 जवळजवळ सपाट, व्ही 6 मध्ये खोल एस, एवढंच हाती लागतं. पाय सुजले आहेत, धाप लागते, तर पट्टी साधी दिसली तरी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला पाठवा.

आणि दम अचानक लागला असेल, लीड 1 मध्ये एस, लीड 3 मध्ये क्यू आणि उलटी टी (क्यूआरएसनंतरची लाट) असेल, तर तो फुप्फुसातल्या गुठळीचा ताण असू शकतो. इकोची तारीख घेत बसू नका, लगेच दाखल करा.