केंद्र सोडलं आणि घरही सुटलं : माझा अनुभव

आमच्या घरात महाराज आले ते भावाच्या फिट्समुळे. तो सातवीत होता, मिरजेच्या डॉक्टरांनी ईईजी काढून गोळ्या चालू केल्या होत्या, पण आईची झोप उडालेली. गल्लीतल्या एका काकू तिला महाराजांच्या केंद्रात घेऊन गेल्या आणि तिथं पहिल्यांदाच कुणीतरी आईचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हे आधीच सांगतीये कारण लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, की शिकलेली माणसं कशी काय अडकतात. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, आई बीए. अहो अडकायला कुणी जात नाही, आधार शोधायला जातात, आणि तो आधार खरंच मिळतो सुरवातीला.

मग दर गुरुवारची आरती, मग पहाटेचं पारायण, मग कांदा-लसूण बंद, मग टीव्ही विकला, मग नातेवाईकांकडच्या लग्नाला जायचं तरी विचारून. गाडी घ्यायची, विचारून. माझं बारावीनंतर काय, विचारून. केंद्रप्रमुखांना सगळे दादा म्हणायचे आणि दादा महाराजांना विचारून सांगायचे, निदान आम्हाला तसं सांगायचे. महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर बसून घरातल्या बाकीच्यांचं काय चाललंय ते सांगायचं, ह्याला मन मोकळं करणं म्हणायचे. मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बुर्जी-पाव खाल्ला हे आईनेच तिथं सांगितलं होतं. तिला वाटलं माझं भलं होईल. ह्यातच सगळं आलं, कारण अशा ठिकाणी वॉचमन ठेवायला लागत नाही, घरचेच एकमेकांवर लक्ष ठेवतात आणि तेही मायेपोटी.

मी बाहेर पडले ते काही वाचून वगैरे नाही. एका वर्षी मोठं अनुष्ठान होतं आणि दादांनी भावाला सांगितलं की श्रद्धा आहे ना, मग अनुष्ठान होईपर्यंत गोळ्या बंद ठेव. फिट्सची गोळी अशी एकदम बंद करायची नसते, आधीपेक्षा जोरात फिट येऊ शकते, एकामागून एक येत राहतात, आणि पाच मिनिटांच्या वर फिट चालली तर थेट हॉस्पिटल गाठायचं असतं. हे डॉक्टरांनी आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. पुण्याहून सुट्टीला आले तेव्हा मला हे कळलं, भांडले, उपयोग झाला नाही. मी घरी असतानाच त्याला फिट आली आणि ती थांबेचना. मी त्याला कुशीवर वळवायला बघतीये आणि आई त्याच्या दातखिळीत अंगारा घालायला बघतीये, आप्पा दादांना फोन लावतायत. रिक्षा मी आणली, शेजारच्या मुलाने उचलायला मदत केली. सिव्हिलला इंजेक्शन दिल्यावर थांबली. वाचला. दुसऱ्या दिवशी केंद्रातून निरोप आला की बहिणीच्या शंकेमुळे अनुष्ठानाला बाधा आली.

त्यानंतर मी गेले नाही.

आता खरा मुद्दा. आम्ही कुणाला काढत नाही, दार सगळ्यांना उघडं आहे असं ते म्हणतात आणि कागदावर ते खरंही आहे. पण मी सलग काही गुरुवार दिसले नाही तेव्हा दादा आणि दोघंजण घरी आले, आईआप्पांना बसवून घेतलं. नंतर केंद्राच्या ग्रुपवर दादांचा ऑडिओ आला, की अमक्या घरच्या मुलीशी जो संबंध ठेवेल त्याची सेवा फुकट जाईल, तिच्या हातचं पाणीसुद्धा नको. तो मला एका मैत्रिणीने फॉरवर्ड केला आणि दहा मिनिटांनी तिनेही मला ब्लॉक केलं. आईचे फोन आधी छोटे झाले, मग फक्त सणाला, मग तेही नाही. भावाचं लग्न झालं ते मला एका चुलत बहिणीच्या स्टेटसवरून कळलं. फोटोत आईने माझ्या पहिल्या पगारातून घेतलेली साडी नेसली होती, ते बघून मी दोन दिवस ऑफिसला गेले नाही.

गंमत बघा, तिथं रोज सकाळी ज्ञानेश्वरीची ओवी वाचायचे. ज्यांचं वाचत होते त्यांच्याच घरादाराला वाळीत टाकलं होतं, संन्याशाची पोरं म्हणून मुंज नाकारली, शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत जायला लावलं. ही गोष्ट दुसरीतल्या पोराला माहीत असते. आमच्या हॉलमध्ये इतकी माणसं बसायची, पण ह्या दोन गोष्टींची सांगड कुणी घातलेली मला तरी आठवत नाही.

प्रॅक्टिकल भाग सांगते कारण तो कुणी सांगत नाही. मी पुण्यात नोकरीला होते म्हणून जमलं, गावात असते तर कठीण होतं. सगळ्यात आधी मी कागद हलवले. दहावीचं सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला, पासबुक, सगळं घरच्या कपाटात होतं, ते एका चक्करमध्ये नोकरीत व्हेरिफिकेशन आहे म्हणून घेऊन आले. आप्पांसोबतचं जॉइंट खातं होतं त्यातून दरमहा केंद्राला पैसे जायचे, तिकडे येणारा पगार बंद करून स्वतःच्या एकटीच्या खात्यावर वळवला. आधारचा मोबाईल नंबर आप्पांचा होता, ओटीपी त्यांना जायचा, तो बदलला. हे सगळं झाल्यावरच घरी सांगितलं की मी आता येणार नाही. माझ्यासारख्या कुणी असतील तर हाच क्रम ठेवा, आधी कागद मग भांडण.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, लागू 2017 पासून. जात पंचायती आणि कोकणातल्या गावकीच्या वाळीत प्रकरणांमुळे तो आला, अंनिसने (अंधश्रद्धा निर्मूलन समितीने) त्यासाठी बरीच वर्षं घासली. अंनिसचे नरेंद्र दाभोलकर गेले 2013 ला, पण जात पंचायतीविरुद्धची मोहीम त्यांच्या लोकांनी पुढे चालू ठेवली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मला वाटायचं हा फक्त जातीपुरता आहे, पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातल्या वकील मॅडमनी व्याख्या वाचून दाखवली, त्यात धर्म-पंथाने बांधलेला गटही येतो. (तिथं बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे कितीतरी जणींना माहीत नसतं.) तक्रार पोलिसात करता येते किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे. मॅडम म्हणाल्या तो ऑडिओ जपून ठेव, डिलीट करू नकोस, दुसऱ्या फोनवर पण ठेव. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "साक्षीला कोण उभं राहील?"

कोण राहणार. बहिष्कार घालणारे दादा, पण तो पाळणारे माझे आईवडील. केस केली असती तर पोलिसांनी आधी आमच्याच दारात येऊन आप्पांचा जबाब घेतला असता. मी केली नाही केस. काहींना हे भ्याडपणाचं वाटेल, वाटू दे. आदेश काढणाऱ्याला कायदा धरू शकतो, आईने फोन उचलला नाही तर त्याला कुठलं कलम लावणार.

मग बऱ्याच काळाने भावाचा फोन आला. त्याचं नाव स्क्रीनवर बघून मी मीटिंगमधून उठून जिन्यात पळाले. तो म्हणाला कशी आहेस, जेवलीस का, आणि मग लगेच म्हणाला अगं एक सही लागतीये, रजिस्टर ऑफिसला यावं लागेल. हक्कसोड, म्हणजे घरातला माझा हिस्सा सोडला म्हणून सही. आमचं घर पणजोबांच्या वेळचं, त्याची कधी वाटणीच झालेली नाही, आणि आप्पांना ते केंद्राला बक्षीसपत्र करून द्यायचं होतं. मी म्हटलं विचारून सांगते. खरंच असंच म्हटलं, तोंडातून निघून गेलं आणि तो हसला सुद्धा, एक सेकंद जुना भाऊ होता तो.

मॅडमनी समजावलं, की आप्पांनी स्वतः विकत घेतलेलं घर असतं तर ते कुणालाही देऊ शकले असते, पण वाटणी न झालेल्या वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने तर उरलासुरला घोळही संपवला. माझ्या सहीशिवाय अख्खं घर देता येणार नाही. मी सही दिली नाही. आप्पांनी निरोप पाठवला की पैशासाठी धर्म सोडलास. मला ते घर नकोय हो, पण उद्या तिथून आईला निघ म्हणाले तर ती जाणार कुठं? म्हणून ती सही अडवून बसलीये, बाकी काही नाही.

आता इचलकरंजीची आत्या तेवढी आहे. ती पहिल्यापासूनच केंद्रात गेली नाही, तिला कीर्तनाला झोप येते म्हणते. तिच्याकडे आई वर्षातून एखाद्या वेळी येते आणि आत्या मला न सांगता व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवून ठेवते. आई माझ्याशी बोलत नाही, आत्याशी बोलते, "तिला म्हणावं वजन उतरलंय." मी आत्याला सांगते, तिला म्हणावं जेवते मी नीट. महाराजांचा विषय मी कधीच काढत नाही. सुरवातीला लांबलचक मेसेज लिहायचे, लिंका पाठवायचे, त्याने ते आणखी घट्ट झाले.

आणि मधेच एक नवीनच झालंय. वहिनी, जिला मी अजून प्रत्यक्ष भेटलेलीच नाही, ती केंद्रातल्याच घरातली आहे, तिचा एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. ताई, ह्यांची जुनी चिठ्ठी आहे का तुमच्याकडे, गोळीचं नाव हवंय. माझ्याकडे फाईल होती, त्या कागदांबरोबर आलेली. फोटो काढून पाठवला, वर लिहिलं की चिठ्ठी जुनी आहे, ह्यावरून स्वतः चालू करू नका, आधी न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा. तिने ब्लू टिक झाल्याझाल्या सगळं डिलीट केलं. परवा परत मेसेज, पुढच्या महिन्यात सांगलीला डॉक्टरांकडे आणते, माहेरी जाते सांगून निघू, तुम्ही याल का. मी सुट्टी टाकलीये.