पन्हाळ्याच्या घाटासाठी इलेक्ट्रिक गाडी निवडताना

कोल्हापुरातल्या गंगावेशीतून पन्हाळ्याच्या शाळेत जायचं म्हणजे साधारण २० किलोमीटर. वाघबीळपर्यंत रस्ता सोपा, खरा चढ तिथून पुढे. मागे आमच्याच शाळेतल्या एक मॅडम असतात, शिवाय दोघींच्या पिशव्या, डबे आणि तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. पेट्रोलची दुचाकी थकली तेव्हा आता इलेक्ट्रिकच घ्यायची हे पक्कं होतं. प्रश्न होता घाटाचा.

जो तो विचारायचा, "एका चार्जिंगला किती जाते?" शोरूममध्येही बोलणं तिथूनच सुरू व्हायचं. मला तेवढ्यावर समाधान नव्हतं. कोल्हापूर आणि पन्हाळा यांच्या उंचीत चारशे मीटरच्या आसपास फरक आहे. गाडी आणि आम्ही दोघी मिळून अडीचशे किलो धरले, तर तेवढं वजन वर न्यायला पाव युनिटापेक्षा जराशी जास्त वीज लागते. बॅटरी तीन-साडेतीन युनिटांची. सपाट रस्त्याचा खर्च वेगळा धरला तरी वीज पुरून उरते. मग बघायचं काय, तर मोटर तो जोर किती वेळ टिकवते.

हे मला नीट उलगडून सांगितलं ते शिवाजी उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या, म्हणजे जळालेल्या मोटरला नवी तार गुंडाळून देणाऱ्या एका काकांनी. त्यांनी एक जळालेली मोटर उघडून समोर ठेवली. तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या, वरचं इनॅमल नखानं निघत होतं, आणि तो जळका वास. "ताई, हळू फिरणाऱ्या मोटरकडं जोर मागितला की ती करंट खाती. करंट वाढला की तापती." चाकातच बसवलेली हब मोटर बहुतेक गाड्यांत चाकाइतकीच फिरते, चढाला वेग पडला की तीही मंदावते. मोटर मध्ये बसवून बेल्ट किंवा गिअरनं चाक फिरवलं, तर चाक हळू असतानाही मोटर वेगात असते आणि तेवढ्याच जोराला कमी करंट लागतो. फार तापली तर कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणारा भाग, आपणहून ताकद उतरवतो. मोटर वाचते, पण आपण भर घाटात रखडतो. काकांचं सांगणं एवढंच, की पीक पॉवरचा, म्हणजे जास्तीत जास्त ताकदीचा आकडा काही क्षणांचा असतो, सतत किती देते ते विचारा.

गाडी किती तीव्र चढ चढू शकते, हा माहितीपत्रकातला आकडाही मी बारकाईनं बघितला. कुणी अंशात देतं, कुणी टक्क्यांत. ७ अंश म्हणजे साधारण १२ टक्के, त्यामुळे नुसते आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

टेस्ट राइड म्हणून शोरूमवाले ताराबाई पार्कात एक चक्कर मारून आणायला सांगतात. मी घाटच मागितला, तोही दुपारच्या उन्हात, मॅडमना मागे बसवून. काहींनी नाही म्हटलं, त्यांचा विचार मी सोडला. चढावर वळणाआधी गाडी पूर्ण थांबवायची आणि तिथूनच पुन्हा उचलायची, ही माझी परीक्षा. एका गाडीनं वर पोचायच्या आधीच दम टाकला. मधल्या मोटरची बेल्टवाली गाडी मात्र थांबल्या जागेवरून न कुरकुरता निघाली. तीच घेतली. हिरवी नंबर प्लेट आली, घरी अर्थिंग तपासून १६ अँपिअरचा सॉकेट बसवून घेतला.

आता जाताना पाव बॅटरीपेक्षा थोडी जास्त जाते, येताना त्याच्या निम्मीही नाही. उतारावर मोटरच ब्रेकचं काम करते आणि थोडी वीज परत भरते. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज घ्यायला जागा नसते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. म्हणून वर शाळेत कधी चार्जिंगला लावलीच, तर मी पूर्ण भरत नाही. पावसाळ्याचं म्हणाल तर पंचगंगेच्या पुरात रेडेडोह फुटून रस्त्यावर पाणी आलं की गाडी घरीच. पुराच्या पाण्यात कुठलीच गाडी घालू नये.

मॅडमनाही आता स्वतःची हवी आहे. लायसन्स नाही म्हणून त्या २५० वॉटपर्यंतची, ताशी २५ किलोमीटरवाली बघत होत्या. तिला लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. मंडई, महाद्वार रोडपुरती ती चांगली. पण हा घाट दोघींना घेऊन तिच्यानं चढणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी लर्निंग लायसन्सचा अर्ज भरला आहे.