रात्रभरात मान टाकलेली शेड

मॉकअपच्या, म्हणजे नमुन्याचे दिवे लावून दाखवायच्या दिवशी सकाळी साडेआठला साइटवर पोचले तर इलेक्ट्रिशियन दादा दारातच, म्हणाले, "मॅडम, वर बघायच्या आधी जरा बसून घ्या."

आदल्या संध्याकाळी सहा पेंडंट, म्हणजे छतातून लोंबणारे दिवे, लावून रात्रभर चालू ठेवले होते. शेड्स पीएलएच्या, म्हणजे मक्यासारख्या पिकातल्या स्टार्चपासून बनतं ते प्लास्टिक, थ्रीडी प्रिंट केलेल्या, आत उजेड पडला की थर न थर दिसायचा, जाम आवडल्या होत्या मला. आता एकीने पार मान टाकलेली, कडा एका बाजूला ओघळलेली, आणि शेजारचीचं गोल तोंड लांबुळकं झालेलं.

थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार लावली, शेडच्या वरच्या गळ्यापाशी 63 डिग्री. पीएलए 55-60 लाच मऊ पडायला लागतं, आणि हे मला माहीत नव्हतं असं नाही हो! ऑफिसात टेबलावर टेस्ट केली तेव्हा 41 च्या वर गेलंच नव्हतं. पण तेव्हा शेड वरून उघडी होती, नंतर छतावर उजेड सांडतो म्हणून आर्किटेक्टने वर झाकण मागितलं, मी हो म्हटलं आणि परत टेस्ट केलीच नाही. एलईडी गार असते म्हणतात ना, तसं काही नसतं, तिची उष्णता उजेडाबरोबर खाली येत नाही, मागे हीटसिंकमध्ये, म्हणजे उष्णता ओढून हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागात जाते, आणि हीटसिंक तर आम्ही झाकणाखाली कोंडलेला.

कहर म्हणजे ब्रोशरवर ठळक "कंपोस्टेबल". पीएलए परसातल्या खड्ड्यात काही कुजत नाही, त्याला इंडस्ट्रियल कंपोस्टिंगची साठेक डिग्री आणि ओलावा लागतो. ओलावा सोडला तर बाकी सोय आम्ही छतातच केली होती.

क्लायंट अकराला येणार. मी फोनवर कोणाकोणाला काय सांगायचं ते जुळवत बसलेले, तेवढ्यात दादांनी भंगारात निघालेल्या ढिगातून ट्यूबलाइटची जुनी फिटिंग ओढून काढली. अ‍ॅल्युमिनियमची, लांबलचक. चार स्क्रू काढले, आतलं सगळं बाहेर, बॉडी ठणठणीत! भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळवून परत वापरलं तर खनिजापासून नवीन बनवायच्या जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते, इथे तर वितळवायचीही गरज नव्हती. एलईडी बोर्ड स्क्रूने बसवला, गोंद नाही, आणि ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज देणारा डबा, हाताला येईल असा बाहेरच्या बाजूला ठेवला, कारण बहुतेक वेळा आधी तोच जातो, उष्णतेने त्यातले कपॅसिटर सुकतात, आणि चिकटवलेल्या फिटिंगमध्ये मग चांगल्या एलईडीसकट सगळंच फेकावं लागतं.

क्लायंटने वर बघितलं, म्हणाले, "ही तर आमचीच आहे ना?" हो म्हटलं. मग वाकलेली शेडही दाखवली, लपवून काय करणार. बराच वेळ हातात फिरवून बघत होते.

शेवटी 84 जुन्या बॉडी निघाल्या, 9 पिचलेल्या. पीएलएच्या चार धड शेड्स रिसेप्शनच्या टेबल लॅम्पना लावल्यात, वरून उघड्या. तिथे 44 डिग्री येतंय, मी अजून दर सोमवारी मोजते.