क्रॉलरची उंची आणि स्प्रिंगचा मऊपणा

वांद्र्याच्या बँडस्टँडवर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या काळ्या खडकांवर १/१० प्रमाणातला रॉक क्रॉलर, म्हणजे खडकांवर चढणारी रिमोटची छोटी गाडी, चालवताना गाडी उंच करण्याचा मोह होतो. परंतु उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर सरकतो आणि तिरप्या कातळावर गाडी उलटते. म्हणून पोट खडकाला जेमतेम चुकवील एवढीच उंची मला योग्य वाटते. स्प्रिंग इतकी मऊ असावी, की गाडी स्वतःच्या वजनाने शॉकच्या (स्प्रिंग बसवलेल्या धक्काशोषकाच्या) हालचालीच्या साधारण निम्म्यापर्यंत खाली बसेल. मग खळग्यावरून जाताना चाक खाली उतरून खडकाला टेकलेले राहते, आणि खरी पकड तिथेच मिळते. प्रीलोडची कडी, म्हणजे शॉकवर स्प्रिंगला आधीच दाबून धरणारी कडी, फिरवल्याने नेहमीची एकसारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग कडक होत नाही, केवळ उंची बदलते. वजन वाढवायचेच असेल, तर ते पुढच्या चाकांपाशी, पितळी नकल (knuckle, म्हणजे पुढचे चाक ज्यावर वळते तो सांधा) बसवून द्यावे.